आत्याची कंबर आणि डावा कणा

आत्याचा जगात एकाच गोष्टीवर पूर्ण विश्वास होता आणि ती गोष्ट म्हणजे जाडी. तिची उशी जाड, चष्म्याच्या काड्या जाड, आणि तिच्या कारखान्याच्या फाटकाचा पत्रा तर इतका जाड, की ते उघडायला दोन माणसं लागत आणि बंद करायच्या भानगडीत कुणी पडतच नसे. कारखान्यात डंपरचे हौदे बनत. म्हणजे खडी, दगड, माती वाहणाऱ्या गाड्यांच्या पाठीवर बसवतात ते भलेमोठे लोखंडी खोके. आत्याचा हौदा लांबूनही ओळखू यायचा. तो रिकामा असला तरी गाडी भरल्यासारखी चालायची.

अशा बाईच्या भाचीनं पातळ पत्र्याच्या प्रेमात पडावं, हा घराण्याच्या दृष्टीनं पळून जाऊन लग्न करण्याच्या जरासाच अलीकडचा प्रकार होता.

भाची धातुशास्त्र शिकून नुकतीच परत आली होती. येताना तिनं एका हौद्याचा आराखडा आणला होता. साधं लोखंड नाही, झिजेला दाद न देणारं, अतिशय कडक पोलाद. आणि जाडी आत्याच्या पत्र्याच्या निम्मी. आराखड्याबरोबर तिनं नमुन्याचा एक तुकडाही आत्याच्या टेबलावर ठेवला.

आत्यानं तो दोन बोटांत धरून खिडकीकडे केला, जणू पलीकडचं दिसतंय का ते बघायला.

"हे काय? झाकण?"

"हौद्याचा तळ आहे, आत्या."

"आणि उरलेला?"

"उरलेला म्हणजे?"

"अगं, ही झाली साल. गर कुठाय?"

कोपऱ्यातल्या टेबलावर भाचीचे वडील बसले होते. ते आत्याचे धाकटे भाऊ. कारखान्याचे फोन घेणं आणि बहिणीच्या वाटेला न जाणं, अशी दोन कामं ते वर्षानुवर्षं चोख करत आले होते.

"बाबा, तुम्ही सांगा ना," भाची म्हणाली.

"दोघींचंही बरोबर आहे," बाबा म्हणाले आणि न वाजलेला फोन उचलून कानाला लावला.

भाचीनं नेटानं समजावायला घेतलं. दगड घासून घासून दगडच गुळगुळीत होतील, पण या पोलादाला काही होणार नाही. ताकद दुप्पट, म्हणून पत्रा निम्मा पुरतो. हौदा हलका झाला की गाडीला दर फेरीत तेवढी खडी जास्त नेता येते. आणि मग, प्रामाणिक मुलगी असल्यामुळे, तिनं न विचारता अडचणही सांगून टाकली. "एका दणक्यानं हा कधीच मोडणार नाही. भीती बारीक बारीक दणक्यांची आहे. खड्ड्यातून गाडी गेली, हौदा केसभर वाकला, सरळ झाला. पुन्हा वाकला, पुन्हा सरळ. असं लाखो वेळा झालं की पोलाद थकतं."

"थकतं?" आत्याचा हात आपोआप कमरेवर गेला. तिची कंबर कित्येक वर्षं धरलेली होती. खाली पडलेली वस्तू ती स्वतः उचलत नसे. ती वस्तूकडे रोखून बघायची आणि आसपासचं कुणीतरी धावत यायचं. "या कमरेनं मी अख्खा कारखाना ओढतेय. आणि तू मला लोखंड दमल्याच्या गोष्टी सांगतेस?"

तरी आत्या अन्याय करणारी नव्हती. तिनं तिथल्या तिथे सौदा ठरवला. भाचीनं एक हौदा बनवायचा आणि हलवायच्या यंत्रावर चढवायचा. मोठ्या खाणीचे मालक ऑर्डर द्यायला येणार होते, तोवर यंत्र चालू ठेवायचं. तडा गेला नाही, तर त्यांना पातळ हौदा दाखवायचा. गेला, तर जाड हौदा. "आणि तू बाबांच्या शेजारी बसून फोन घ्यायचे. 'हॅलो, जाड हौदेवाले' म्हणून."

"आणि आराखडा?"

"आराखडा माझ्या टेबलाच्या पायाखाली. डुगडुगतोय कधीचा."

भाचीनं आराखड्याकडे बघितलं, टेबलाच्या पायाकडे बघितलं, आणि होकार दिला.

हलवायच्या यंत्राला कारखान्यात सगळे खुळखुळा म्हणत. मागच्या शेडमध्ये हौदा दोन्ही टोकांना टेकवलेला असायचा आणि मधोमध खालून तेलाच्या दाबावर चालणारा एक दांडा त्याला वर ढकलायचा, खाली ओढायचा. वर, खाली, वर, खाली. रस्त्यावर वर्षानुवर्षं बसणारे दणके खुळखुळा थोडक्या काळात उरकून टाकायचा. त्याच्या तालावर शेजारच्या ऑफिसातला चहा कपात आपोआप ढवळला जायचा, हा त्याचा वरचा फायदा.

हौद्याच्या दोन्ही बाजूंना, तळाशी, लांबच्या लांब दोन कणे होते. वीतभर रुंद, बाकासारखे बाहेर आलेले. सगळा भार शेवटी त्या दोघांवर यायचा, आणि त्यातही सगळ्यात जास्त ताण बरोबर मध्यावर. तो मध्य नेमका कुठे येतो, हे गणितानं काढण्यात भाचीचा घाम निघाला होता. कण्यांना तिनं एकही वेल्ड ठेवला नव्हता. एकाच पत्र्याला वाकवून ते बनवले होते, कडा घासून घासून बोट फिरवलं तर सटकेल इतक्या गुळगुळीत केल्या होत्या. हौद्यात उतरायच्या पायऱ्यासुद्धा तिनं काढून टाकल्या होत्या, कारण पायरी म्हटली की वेल्ड आला.

"ताई, एवढं काय त्या वेल्डवर डूख धरलाय?" मिस्त्री एकदा म्हणाला. मिस्त्री म्हणजे कारखान्याचा मुख्य वेल्डर, उमेदीची सगळी वर्षं ठिणग्यांत काढलेला. त्याला जरा लागलंच होतं. "माझा वेल्ड तुटल्याचं दाखवा एक."

"तुमचा वेल्ड नाही तुटत, मिस्त्री. वेल्डच्या शेजारचा पत्रा तुटतो. वेल्ड जिथे संपतो तिथे बारीकशी खाच राहते. साधं लोखंड ती खाच सोसून घेतं. हे पोलाद नाही सोसत." ती थांबली आणि इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "आत्यासारखं आहे ते. डोक्यावर डोंगर ठेवा, हूं की चूं करणार नाही. पण कुणी एक टोमणा मारला तर तेवढाच धरून बसेल आणि एक दिवस त्यावरूनच फाटेल."

मिस्त्रीला हे लगेच पटलं.

मग भाचीनं दोन्ही कण्यांवर लाल रंगात ठळक लिहून टाकलं: 'इथे वेल्डिंग करू नये.' कारखान्यानं यथेच्छ टिंगल केली. येता-जाता कुणीतरी विचारायचं, "ताई, पत्र्याला चहा देऊ का? दमला असेल." तिचं नाव पापुद्रा पडलं. ती सगळ्यांना हसून उत्तर द्यायची, आणि दिवसातून दहादा उजव्या कण्यावरून हात फिरवून यायची. डावा कणा भिंतीच्या बाजूला होता, मध्ये माणूस जेमतेम मावेल एवढी बोळकांडी. तिथे ती लांबूनच टॉर्च मारायची. दोन्ही कणे सारखे, दोघांना दणके सारखे. उजवा ठीक तर डावा ठीक. हा हिशेब अगदी बिनचूक होता. त्यात फक्त आत्या धरलेली नव्हती.

खुळखुळा सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत आत्यानं नवा नियम काढला. जेवणाच्या सुट्टीत मागच्या शेडकडे कुणी फिरकायचं नाही. दार बंद, किल्ली आत्याकडे.

"का पण?" भाचीनं विचारलं.

"धडधडीनं लोकांचं पचन बिघडतं."

"मग यंत्र बंद ठेवू का तेवढा वेळ?"

"नाही नाही!" आत्या एवढ्या घाईनं म्हणाली, की बाबांनीही मान वर केली. "म्हणजे, परीक्षेत खंड नको. तूच म्हणतेस ना, लाखो दणके?"

भाचीला भरून आलं. आत्याला परीक्षेची काळजी वाटायला लागली होती!

त्याच सुमारास आणखीही चमत्कार घडू लागले. एकदा आत्याच्या हातून पेन पडलं. तिघेजण सवयीनं धावले, तर आत्या स्वतः वाकली, पेन उचललं आणि सरळ उभी राहिली. बाबांनी खरोखर वाजत असलेला फोन घेतला नाही. दुसऱ्या दिवशी आत्या जिना गुणगुणत चढली. मिस्त्रीनं एका हौद्याचा दोर अडकवायचा आकडा उलटा बसवला, तर ती त्याला म्हणाली, "होतं कधीकधी." मिस्त्री दिवसभर घाबरून होता.

"नवं तेल लावतेय कमरेला," आत्या सगळ्यांना सांगायची. कुठलं, ते मात्र सांगायची नाही.

खाणवाले यायचे त्या दिवशी सकाळी भाचीनं खुळखुळा थांबवला आणि शेवटची कसून तपासणी करायला घेतली. तपासणीची रीत साधी होती. पत्र्यावर लाल रंगाचं पातळ द्रव लावायचं, थोडा वेळ मुरू द्यायचं, पुसून टाकायचं आणि वर पांढरी पूड फवारायची. कुठे केसाएवढा जरी तडा असला, तरी त्यात मुरलेला लाल रंग पांढऱ्यावर उमटतो. उजवा कणा या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढराशुभ्र राहिला. भाचीनं शिट्टी वाजवली, पोट आत घेतलं आणि भिंतीकडच्या बोळकांडीत आडवी शिरली.

डाव्या कण्याच्या मधोमध, बाहेरच्या काठाला, एक कडी होती.

बादलीच्या कडीएवढी, गोल सळईची, कण्याच्याच राखाडी रंगात नीट रंगवलेली, आणि फार सुबक वेल्ड केलेली. वेल्ड चालू होत होता तो बरोबर 'वेल्डिंग करू नये' मधल्या 'नये' वर. तिनं तिथेही लाल लावलं, पुसलं, पूड फवारली, आणि कडीच्या पायापासून नखाएवढी, लालभडक रेघ उमटली.

भाची तिथेच भिंतीला टेकली. बसायला जागा असती तर बसली असती.

सावरल्यावर तिनं मिस्त्रीला गाठलं. "ती कडी कुणी लावली?"

"कुठली कडी?" मिस्त्रीनं आधी तोंडावरचा काळ्या काचेचा मुखवटा खाली ओढला, मग विचारलं.

"मिस्त्री, इतका देखणा वेल्ड या कारखान्यात दुसऱ्या कुणाला जमतो का?"

मुखवट्याआड क्षणभर भांडण झालं असावं. "नाही जमत," मिस्त्री अखेर अभिमानानं म्हणाला. "पण मला विचारू नका, ताई. हात जोडतो. वरून हुकूम होता."

"वरून म्हणजे कुणाचा?"

मिस्त्रीनं छपराकडे बघितलं.

"कडी कशासाठी, एवढं तरी सांगा."

"धरायला," मिस्त्री म्हणाला, आणि काही जोडायला नसताना ठिणग्या उडवायला लागला.

भाची विचारात पडली. खाणवाले दुपारनंतर येणार होते. तडा म्हणजे तडा, सौदा तसाच ठरला होता. पण कण्याला तडा पत्र्यामुळे गेला नव्हता, त्या कडीमुळे गेला होता. आणि ती कडी कुणाची, हे कळल्याशिवाय कोण ऐकणार? जेवणाच्या सुट्टीत शेड बंद असते, म्हणजे जे काय घडतं ते तेव्हाच. सुट्टी व्हायच्या आधीच ती शेडमध्ये गेली, हौद्याला शिडी लावली आणि आत उतरून दबा धरून बसली.

जरा वेळानं कुलूप उघडलं. चपलांचा ओळखीचा आवाज आला.

"शिडी कुणी टाकलीय इथे मध्येच," आवाज पुटपुटला. आत्याला पसारा खपत नसे. शिडी घरंगळत भिंतीशी गेली. मग बोळकांडीतून कपड्यांची सळसळ, एक समाधानाचा उसासा, पट्ट्याचं बकल बसल्याचा खटका. आणि मग, लांब काठीनं भिंतीवरचं हिरवं बटण दाबल्याचा टक असा आवाज.

खुळखुळा सुरू झाला.

हौद्याच्या तळाशी बसलेल्या भाचीचे दात एकमेकांवर वाजायला लागले. ती उभी राहिली, घसरली, पुन्हा उभी राहिली. तिनेच आग्रह धरून पत्रा आतून इतका गुळगुळीत करून घेतला होता, की पाय ठरेना. कशीबशी डाव्या भिंतीशी पोचून तिनं वर हात अडकवले आणि काठावरून डोकं बाहेर काढलं.

खाली कण्यावर आत्या बसली होती. पाठ हौद्याला टेकलेली, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर कधी न पाहिलेलं सुख. कमरेभोवती जुन्या ट्रकचा सीटबेल्ट, तो कडीतून ओवलेला. गाल, हनुवटी, चष्मा, सगळं एका लयीत थरथरत होतं.

"आ-आ-आत्या-या!"

आत्यानं डोळे उघडून वर बघितलं. डोक्यावर भाचीचं नुसतंच डोकं तरंगतंय, तेही वर-खाली. तिच्या हातातली काठी सुटून गडगडत दूर गेली.

"तू-ऊ-ऊ इ-थे-ए का-य क-र-ते-ए-स?"

"मी-ई-ई? तू-ऊ का-य क-रते-ए-स?"

"कं-अं-बर!" आत्या म्हणाली. जास्त बोलण्यात अर्थ नव्हता.

"बं-द क-र आ-धी!"

आत्यानं काठीकडे बघितलं. काठी लांब होती. तिनं बकल ओढून पाहिलं. ते आधीच अडणारं, हलताना तर मुळीच सुटेना. "मि-स्त्री-ई सो-ड-व-तो-ओ. सु-ट्टी सं-प-ल्या-वर."

"मी शि-डी-ई..."

"ती मी-ई-ई का-ढ-ली-ई."

भाचीनं आजूबाजूला पायरी शोधली. पायऱ्या तिनंच काढून टाकल्या होत्या.

मग दोघींनी, दुसरा इलाजच नसल्यामुळे, भांडून घेतलं. सगळं भांडण त्याच लयीत झालं. इथे ते सरळ करून सांगितलेलं बरं. आत्याचं म्हणणं असं, की पहिल्याच दिवशी ती खुळखुळा बघायला आली असताना सहज कण्याला टेकली आणि तिची कित्येक वर्षांची धरलेली कंबर मोकळी झाल्यासारखी वाटली. मग ती रोज येऊ लागली. बसल्यावर घसरायला व्हायचं, म्हणून मिस्त्रीकडून एवढीशी कडी लावून घेतली. "एवढ्याशा कडीनं काय होतं गं? तो हौदा केवढा, ती कडी केवढी!"

"तिथून तडा गेलाय, आत्या."

"कुठे?"

"तुझ्या गुडघ्याशी. लाल रेघ दिसते ती."

आत्यानं खाली वाकून बघितलं. आता तिला वाकता येत होतं. रेघ तिला दिसली. तिनं थरथरता चष्मा नाकावर दाबून धरला आणि पुन्हा बघितलं.

"अख्ख्या कण्यावर कुठेही लावली असतीस तरी इतकं बिघडलं नसतं," भाची रडकुंडीला येऊन म्हणाली. "टोकाला लाव ना! बरोबर मध्यावरच का?"

"टोकाला बसून बघितलं मी. टोकाला काही मजा नाही. मग सरकत सरकत आले. या बाजूला कमी, त्या बाजूला कमी. इथे बसलं की कसं, थेट माकडहाडाला पोचतं."

भाची रडायचं विसरली. "सरकत सरकत? म्हणजे तू शोधून काढलीस ही जागा?"

"मग काय! वीतभर इकडेतिकडे झालं तरी मला कळतं."

"आत्या," भाची म्हणाली, आणि आता तिच्या आवाजातलं थरथरणं सगळंच काही यंत्राचं नव्हतं, "जिथे हौदा सगळ्यात जास्त हलतो, तिथेच कण्यावर सगळ्यात जास्त ताण येतो. ती जागा काढायला मला महिना लागला. तू बसतेस ती बरोबर तीच आहे."

"तुझ्या गणितानं काढली तीच?"

"तीच."

आत्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उजाडायला लागलं.

नेमकं तेव्हाच शेडचं दार उघडलं. दारात बाबा, त्यांच्यामागे मिस्त्री, आणि दोघांच्या मधून डोकावणारे एक किडकिडीत, बारीक डोळ्यांचे गृहस्थ. खाणवाले वेळेआधीच आले होते. ते रस्त्यानं येताना दिसेल त्या लोखंडावर बोटाच्या पेरानं टकटक करून बघत. आताही ते दारावर टकटक करत होते.

"या-या-या-या-या," आत्या म्हणाली. असं भरघोस स्वागत खाणवाल्यांचं कुठल्याच कारखान्यात झालं नसेल.

मिस्त्रीनं झेप घेऊन लाल बटण दाबलं. खुळखुळा थांबला. जग इतकं शांत झालं की भाची हौद्यात खाली बसकण मारून पडल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"बाई, हे काय चाललंय?" खाणवाल्यांनी विचारलं.

"तपासणी," आत्या म्हणाली. मिस्त्री स्क्रूड्रायव्हरनं तिचं बकल सोडवत होता, पण तिचा आब यत्किंचितही ढळला नव्हता.

"स्वतः बसून?"

"मी दुसऱ्याच्या भरवशावर माल विकत नाही."

खाणवाल्यांवर याची चांगलीच छाप पडली. ते बोळकांडीत शिरले, कण्यावर टकटक केली, आणि त्यांची नजर पांढऱ्या पुडीवरच्या लाल रेघेवर गेली. "हा तर तडा आहे."

भाची हौद्याच्या तळाशी, चारी बाजूंनी भिंती, पत्र्याला कान लावून ऐकत होती. आत्यानं 'पातळ पत्रा आहे, मी म्हणतच होते' एवढं म्हटलं की संपलं असतं. सौदा आत्यानं जिंकला असता, कडीबद्दल कुणाला काही सांगावं लागलं नसतं, आणि टेबल डुगडुगायचं थांबलं असतं.

"पत्रा चांगला आहे," आत्याचा आवाज आला. "माझी कंबर वाईट आहे."

"काय?"

"सांगते. ही माझी भाची. कुठे गेली? हां, आत आहे. मिस्त्री, काढा तिला. तिनं महिनाभर गणितं करून या कण्याचा सगळ्यात नाजूक बिंदू शोधला. आणि मी," इथे आत्यानं जरा थांबून सगळ्यांकडे बघितलं, "मी तो बसून शोधला. या कमरेनं! वीतभराचाही फरक नाही. विचारा तिला."

मिस्त्रीनं लावलेल्या शिडीवरून भाची बाहेर आली. केस उभे, अंगभर पांढरी पूड. "खरं आहे," ती म्हणाली.

"आणि मग त्याच बिंदूवर मी कडी मारली," आत्या त्याच ऐटीत पुढे म्हणाली. आपण कबुली देतोय हे तिच्या गावीही नव्हतं. ती तर पराक्रम सांगत होती. "लिहिलेलं असताना! तडा तिथूनच गेला. आता पलीकडे या."

सगळ्यांना तिनं वळसा घालून उजव्या कण्याशी नेलं. तोच पत्रा, तीच जाडी, तेच दणके. फक्त कडी नाही. भाचीनं पुन्हा लाल लावलं, पुसलं, पांढरी पूड मारली. सगळे ओळीनं वाकून बघत बसले. आत्या सगळ्यात जास्त वाकली होती. कणा पांढराच्या पांढरा राहिला.

खाणवाल्यांनी टकटक केली, मान हलवली, आणि मग एकदम खिन्न झाले. "पण बाई, माझे ड्रायव्हर यावर हमखास काहीतरी लावणार. एकानं छत्रीसाठी नळी मारलीय. एकानं पिंजरा लावलाय, त्यात पोपट. एकानं तर खुर्ची जोडलीय, ती कशाला ते मला अजून कळलेलं नाही. मनाई केली तर दुप्पट लावतात. मग तुमचा हौदा कुठला टिकतो?"

पोपटाचं गणित भाचीनं केलेलं नव्हतं. लाल अक्षरांचा काय उपयोग होतो, हे तर डाव्या कण्यानं दाखवलंच होतं. तिनं हौद्याकडे बघितलं, आत्याकडे बघितलं, मग पुन्हा हौद्याकडे.

"मनाई नको," ती सावकाश म्हणाली. "त्यांना जागा देऊ. हौद्याच्या पुढच्या टोकाला, जिथे ताण जवळजवळ नसतोच, तिथे साध्या लोखंडाची एक वेगळी पट्टी नटबोल्टानं बसवते. तिच्यावर काय हवं ते वेल्ड करू दे. पोपट, छत्री, खुर्ची. तडा गेला तर पट्टीला जाईल, पट्टी बदलायची."

"आणि ते तिथेच लावतील कशावरून?"

"टोकाला अजिबात हलत नाही," आत्या तज्ज्ञाच्या सुरात म्हणाली. "पोपटाला तिथेच बरं वाटेल."

खाणवाल्यांनी चपला नीट केल्या, इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "बाई, ऑर्डर पातळ हौद्याचीच लिहा. पण, म्हणजे, खाणीच्या रस्त्यांनी माझीही कंबर... जरा बसून बघू का?"

"दोघींचंही बरोबर आहे," बाबा भारावून म्हणाले. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

डाव्या कण्यासकट तो हौदा नंतर मोडीत निघाला आणि खुळखुळ्यावर नवा चढला. आत्यासाठी भाचीनं रबराची गादी लावलेलं एक खोगीर केलं. ते कण्यावर नुसतं पट्ट्यांनी आवळायचं, एकही वेल्ड नाही, ओरखडासुद्धा नाही. जेवणाच्या सुट्टीत शेड पुन्हा बंद राहू लागली. आराखडा भिंतीवर लागला, आणि टेबलाच्या पायाखाली जुन्या जाड पत्र्याचा एक तुकडा गेला. तो जरा जास्तच जाड निघाल्यामुळे आता टेबल दुसरीकडून डुगडुगतं.

नव्या हौद्याच्या दोन्ही कण्यांवर भाचीनं पुन्हा लाल रंगात लिहिलं: 'इथे वेल्डिंग करू नये.' दुसऱ्या दिवशी ती टॉर्च न मारता स्वतः बोळकांडीत शिरली, तेव्हा डाव्या कण्यावर त्या ओळीच्या खाली आणखी एक ओळ होती. बुडाशी फुगलेल्या, भरपूर जाड अक्षरांत कुणीतरी लिहिलं होतं: 'मीसुद्धा करू नये.'